अहिंसा कशी चालते, कशी बोलते

आपल्या त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांचे शिष्य आणि धाकटे बंधू ज्ञानदेव यांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवर मराठीत टीका सांगितली. तत्त्वज्ञान मुलांच्या डोक्यावरून जातं असं वाटणाऱ्या शिक्षकांनी तिचा तेरावा अध्याय जरूर उघडावा. गीतेच्या त्या अध्यायातल्या एका श्लोकात अहिंसेचा नुसता उल्लेख आहे. ज्ञानदेव तिच्यावर शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, त्याचे हात काय करतात, सगळं डोळ्यांसमोर उभं करतात. किती हा जिव्हाळा! वर्गातही न्यायाची व्याख्या लिहून देण्याआधी विचारावं: न्यायी माणूस रेशनच्या रांगेत कसा वागेल? मुलं बोलती होतील, वाद घालतील. मग तत्त्वज्ञ कांटचं पुस्तक उघडावं.