घरातील वीज आणि लहान मूल

(केंद्रातील प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी घरातील मुलाचे पहिले शिक्षण पूर्वी चुलीपुढे होत असे. रांगणारे मूल विस्तवाकडे सरकू लागले की आजी ‘हाऽऽ, भाजेल हं!’ असे म्हणून त्यास मागे ओढी. तेवढ्याने न भागले तर त्याचा इवलासा हात क्षणभर धगीजवळ नेई. मुलास तेवढे पुरत असे. कारण विस्तव आपली वर्दी आपणच देतो. तो लाल दिसतो, धूर सोडतो, आणि हातभर अंतरावरूनच त्याची धग लागते.

वीज अशी कोणतीही वर्दी देत नाही. प्रवाह असलेली तार आणि प्रवाह नसलेली तार दिसावयास अगदी सारखीच. तिला रंग नाही, वास नाही, धग नाही. अनुभवासारखा गुरू नाही हे वचन इतरत्र कितीही खरे असो. विजेच्या बाबतीत मात्र पहिलाच धडा शेवटचा ठरण्याचा संभव असतो. यास्तव चुलीपाशी उपयोगी पडलेली आजीची पद्धत विजेच्या बोर्डापाशी उपयोगी पडत नाही. अजाण मुलाचे रक्षण त्याला बजावून होत नाही. ते घराची मांडणी सुधारून करावे लागते, आणि ते काम सर्वस्वी मोठ्या माणसांचे आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. त्या काळी खेड्यांतील बहुसंख्य घरांत कंदील व चिमणी यांवरच भागत असे. आज त्याच घरांत पंखा, मिक्सर, फ्रिज, कूलर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि मोबाईलचे चार्जर आले आहेत. सोयी वाढल्या हे इष्टच झाले. परंतु त्यांच्याबरोबर घरात यावयास हवी होती ती सावधगिरी सर्वत्र आली, असे म्हणता येत नाही.

विजेचा धक्का म्हणजे काय, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. मनुष्याच्या शरीरातून जाणारा प्रवाह मिलिअँपिअर या परिमाणाने मोजतात. एक अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह अंगाला मुंग्या आल्यासारखा जाणवतो. तो १० च्या पुढे गेला की हाताचे स्नायू आवळले जातात व मनात असूनही मूठ सुटत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात. वस्तुतः धरून ठेवते ती त्या माणसाचीच आवळलेली मूठ. प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊन टिकला तर श्वास अडखळतो, आणि त्याहून वाढल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो. हे आकडे प्रौढांचे होत. लहान मुलाची मूठ याहून पुष्कळ कमी प्रवाहाने आवळली जाते. शिवाय कोरडी, राठ त्वचा प्रवाहास बराच विरोध करते, ओली त्वचा फार थोडा. लहान मुलाची त्वचा नाजूक, हात लाळेने ओले, आणि हाती येईल ते तोंडात घालण्याची त्याची वृत्ती. म्हणजे धोका सर्व बाजूंनी वाढलेला.

‘घरात फ्यूज आहे, मग काळजी कसली?’ असा प्रश्न पालक विचारतात. त्यांचा हा समज दूर करणे जरूर आहे. दिव्यांच्या जोडणीवरील ५ अँपिअरचा फ्यूज ५००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निर्वेधपणे जाऊ देतो. तो तारा जळू नयेत म्हणून बसविलेला असतो. मुलाचा जीव वाचविणे हे त्याचे कामच नव्हे. त्या कामासाठी आर.सी.सी.बी. नावाचे निराळे उपकरण मिळते. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते, आणि अंगातून जमिनीकडे प्रवाह झिरपू लागताच सेकंदाच्या अल्पशा अंशात वीज तोडते. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे घ्यावे, परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावे, आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दोन्ही भोकांतील धातूला एकदम स्पर्श झाला तर मात्र हे उपकरणही उपयोगी पडेल याची खात्री नाही. म्हणून इतर काळजी सुटत नाही.

ही काळजी अर्थिंगपासून सुरू होते. कूलर, इस्त्री, फ्रिज अशा धातूच्या अंगाच्या वस्तूंना तीन पिनांचा प्लग असतो. त्यातील जाड व लांब पिन जमिनीशी जोडणारी. ती लांब ठेवली आहे ती प्रथम जोडली जावी व शेवटी सुटावी म्हणून. बोर्डात बसत नाही म्हणून ही पिन काढून टाकणे, किंवा तारेची उघडी टोके काडी खोचून भोकात बसविणे, हे घरातील कवाड काढून ठेवण्यासारखे आहे.

पुष्कळ बोर्डांच्या भोकांना आतून पडदी असते. वरच्या भोकात लांब पिन शिरली म्हणजे ती पडदी सरकते. दोन पिनांचा प्लग बसविण्यासाठी मोठी माणसे त्या वरच्या भोकात पेन किंवा काडी घालून पडदी उघडतात, आणि शेजारी बसलेले मूल ते टक लावून पाहत असते. दुसऱ्या दिवशी तेच मूल हाती खिळा किंवा केसांची पिन घेऊन बोर्डापाशी जाते. यात मुलाचा अपराध कोणता? त्याने वडीलधाऱ्यांचे अनुकरण केले, इतकेच.

पाणी तापविण्याचा रॉड चालू असताना बादली मुलाच्या आवाक्यात ठेवू नये, आणि प्लग काढल्यावाचून पाण्यात बोट घालून पाहू नये. कूलरमध्ये पाणी भरताना तो केवळ बटणावर बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. मोबाईल काढून घेतल्यावर चार्जर बोर्डात लोंबकळत ठेवू नये. त्याच्या बारीक टोकाशी साधारणतः ५ व्होल्टच असतात हे खरे. परंतु हलक्या प्रतीच्या चार्जरमध्ये आतील आवरण फाटल्यास पूर्ण दाब त्या टोकापर्यंत येऊ शकतो, आणि ते टोक मुलाच्या तोंडात असते. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पसरू नये. कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार बांधू नये; पत्र्यात किंवा खांबात वीज उतरली तर ती तार तिला अंगणभर नेते. तेथे काथ्याची वा नायलॉनची दोरी असावी.

आता अपघाताच्या क्षणाचा विचार करू. असे एक घर कल्पावे. उन्हाळ्याची दुपार आहे, कूलरखाली पाणी सांडले आहे, आणि दोन वर्षांचे मूल त्याच्या जाळीला धरून ताठ झाले आहे. बाप ते पाहतो व झेप घेतो. जगातील कोणताही बाप झेपच घेईल. परंतु त्याने मुलास हात लावला तर एकाऐवजी दोघे सापडतील. त्याच वेळी चौथीतली थोरली मुलगी ओरडते, ‘बाबा, हात लावू नका! आधी मेन बंद करा!’ बाप वळतो, मेन खाली पाडतो, आणि मगच मुलास उचलतो. त्या घरात दोन जीव वाचतात ते त्या एका वाक्याने. हे वाक्य त्या मुलीस शाळेने दिलेले असावे, अशी अपेक्षा करणे वावगे ठरू नये.

मेन दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वा प्लास्टिकच्या खुर्चीने मुलास वेगळे करावे. ओला बांबू किंवा लोखंडी सळई कदापि वापरू नये. मूल निपचित असून श्वास चालत नसेल तर त्यास पाठीवर निजवावे, छातीच्या मध्यभागी तळहाताच्या टाचेने मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावे, दर ३० दाबांनंतर तोंडाने दोनदा श्वास द्यावा, आणि दुसऱ्या माणसाने तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही कृती केवळ ऐकून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून ती एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावी. मातीत निजविणे, तेल चोळणे यांत वेळ दवडू नये. मूल हसतेखेळते दिसले तरी त्यास दवाखान्यात दाखवावे. तार चावल्याने ओठ भाजला असेल तर काही दिवसांनी खपली निघताना अकस्मात रक्तस्राव होऊ शकतो, ही गोष्ट आईस आवर्जून सांगावी.

शाळेने काय करावे? तीन वर्षांखालील मुलास उपदेश व्यर्थ आहे. तेथे अंगणवाडी सेविकेने मातेशीच बोलावे. तीन ते सहा वर्षांच्या मुलास ‘बोर्ड मोठ्यांचा’ एवढा एकच नियम पुरे. त्यात भूत आहे, बागुलबुवा आहे, असे मात्र सांगू नये. खोटी भीती एक दिवस उघडी पडते, आणि तिच्याबरोबर खरी सूचनाही फुकट जाते. तिसरी-चौथीच्या मुलांनी पालकांसमवेत घराची पाहणी करावी. तीही केवळ डोळ्यांनी, हात न लावता. तुटलेला बोर्ड कोठे आहे, उघडी तार कोठे आहे, मेन कोठे आहे, हे वहीत लिहावे. त्या वह्या पालकसभेत वाचल्या जाव्यात. गावात तुटून पडलेली तार दिसल्यास दूर राहून १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे, हेही मुलांस पाठ असावे.

पालकसभेत पट, गणवेश व परीक्षा यांवर पुष्कळ वेळ खर्च होतो, आणि तो योग्यच आहे. त्यातील दहा मिनिटे दर पावसाळ्यापूर्वी या विषयास मिळावीत. पटावरील प्रत्येक नाव वर्षाअखेर पटावर राहावे, याहून शाळेची मोठी कमाई दुसरी नाही.