वाडीचें नगर होतांना
(सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या मंगल समयीं धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा अशी आपली इच्छा दिसली, म्हणून आम्हीं बाप्तिस्म्याची नोंदवही उघडली. आरंभींच्या पानांवर पत्त्याच्या रकान्यांत केवळ आळीचें नांव आढळतें. पुढें पुढें सदनिकेचा क्रमांक येतो, मजला येतो, इमारतीचें नांव येतें, आणि आळी नाहींशी होते. वसईचा अलीकडील सारा इतिहास त्या एका रकान्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

परका मनुष्य येथें येतो यांत नवल तें काय? शेजारचें नाला सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरून काढला. सन १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकली, आणि १८०२ मध्यें दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला तोही येथेंच. राज्यें पालटलीं, किल्ल्यांतील आपलीं देवळें ओस पडलीं. वाडींतला रहाट मात्र फिरत राहिला. आणि ज्यांचा आपणांस अभिमान, ते संत गोन्सालो गार्सिया वसईंत जन्मले खरे, पण १५९७ मध्यें नागासाकी येथें रक्तसाक्षी झाले ते परमुलखांत उपरे म्हणूनच. इमारतींतील नव्या कुटुंबांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

सन १८६७ पासून विरारहून मुंबईस गाडी जाऊं लागली. आपलें दूध, केळीं, फुलें, विड्याचीं पानें तिजमधून शहरास जात. सन १९३६ मध्यें विजेची गाडी आली. मग त्याच गाडीनें शहर आपल्याकडे येऊं लागलें. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व कित्येक गांवें मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या बारा लाखांवर भरली.

एवढ्या माणसांस पाणी कोठून मिळावें? आपल्या पूर्वजांनीं वाडीवाडींत बावखलें खोदलीं होतीं. पावसाचें पाणी त्यांत सांठे, हळूहळू भूमींत मुरे, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहात. या बावखलांवर केळी व पानवेली पोसल्या. पुढें विहिरींतून टँकर भरून जाऊं लागले, बावखलें मातीनें बुजलीं, त्यांजवर घरें उठलीं. हरित वसईच्या चळवळींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं याविरुद्ध आवाज उठविला. २०२४ मध्यें ते देवाघरीं गेले. जुलै २०१८ मध्यें आगगाडीचे रूळ बुडाले आणि घराघरांत पाणी शिरलें, तेव्हां त्यांचे शब्द अनेकांस आठवले.

परंतु दोष केवळ बांधकामवाल्यांच्या माथीं मारणें अप्रामाणिकपणाचें होईल. आम्ही येथें आल्यावर दुसऱ्याच वर्षीं मोटारी उभ्या करण्यास जागा हवी म्हणून देवळामागील बावखल भरण्यास आम्हींच संमति दिली. त्या वेळीं एक म्हातारी बाई म्हणाली, "फादर, देवळांत पाण्याला आशीर्वाद देतां नि मागच्या दारीं त्यालाच बुजवितां?" आम्हीं हंसून वेळ मारून नेली. दोनच उन्हाळ्यांत देवळाची विहीर मचूळ झाली. ती बाई आज हयात नाहीं. तिची क्षमा मागावयाचीही राहूनच गेली.

महोत्सवानिमित्त कमान उभारावी अशी सूचना होती. ती बाजूस ठेवून निम्में बावखल पुन्हां खोदावें असें आम्हीं सुचविलें व धर्मग्राम परिषदेनें तें मान्य केलें. मोटारींची कांहीं काळ अडचण होईल, ती सोसावी. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर, ज्यांस जुना कांठ आठवतो अशी आळींतील वडील मंडळी चुन्यानें रेघ आंखून देणार आहेत. इमारतींतील तरुणांनीं फावडीं व घमेलीं घेऊन यावें. माती वाहण्यास टेंपो ठरविला आहे. पाऊस लागण्यापूर्वीं काम उरकावयास हवें.