कायद्याचे शिक्षण आणि आपले कर्तव्य

(अंकुशनगर येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



कारखान्याच्या ह्या वसाहतीत मला कायद्याच्या शिक्षणावर बोलण्यास बोलाविले, ह्याचा मला मनापासून आनंद वाटतो. ज्या घरांतील माणसे हंगाम सुरू होताच कोयता उचलून उसाच्या फडावर जातात, त्याच घरांतील मुले व मुली आज वकील होण्याचा विचार करीत आहेत. त्यांचे आईबाप मला एकच प्रश्न विचारतात. "साहेब, पाच वर्षे घालवून, पैसा खर्चून मुलगी सनद घेऊन आली, तर पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गोड शब्दांत न देता खऱ्या शब्दांत द्यावे, असे मी ठरविले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, कायद्याची पदवी मिळणे आणि कायदा चालविता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ह्या दोहोंमधील अंतर आज पूर्वीपेक्षा वाढले आहे. ते अंतर कमी करणे हे महाविद्यालयाचे काम आहेच. पण ते काम महाविद्यालयाकडून करवून घेणे हे आपलेही काम आहे.

उदाहरण दूरचे नको, आपल्या जालन्याचेच घेऊ. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून श्री. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार श्री. कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात त्या निवडीस आव्हान दिले. उमेदवारी अर्ज दुपारी तीन वाजण्याची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा त्यांचा दावा होता. पुरावा होता तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. अशा चित्रणाची प्रत पुराव्यात घ्यावयाची तर कायद्याने एक प्रमाणपत्र लागते, आणि वारंवार मागूनही ते प्रमाणपत्र मिळेना. अखेर खंडपीठाने संबंधित अधिकाऱ्याच्या साक्षीचा आधार घेतला आणि 2017 च्या नोव्हेंबरात निवडणूक रद्द ठरविली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला. त्यांनी सांगितले की, चित्रणाच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने ते शाबीत केले, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. प्रमाणपत्र देणारा नकार देत असेल, तर न्यायालयाकडून त्याला हुकूम करवून घेता येतो. आणि ज्याने आपल्याकडून होईल ते सर्व केले, त्याला अशक्य गोष्ट केली नाही म्हणून शिक्षा होऊ नये. प्रमाणपत्रासाठी केलेले हे प्रयत्न आणि इतर पुरावा पाहून न्यायालयाने अपील फेटाळले. आज देशभर पुराव्याच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्यास हा निवाडा वाचावाच लागतो.

आपण म्हणाल, आमदारकीच्या भांडणाशी आम्हां गरिबांचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. उद्या एखाद्या गावात मिरवणुकीवरून वा पाणवठ्यावरून आपल्या माणसावर हल्ला झाला, तर त्याचे चित्रण नातवाच्या मोबाइलमध्ये असते. ते तो दहा जणांना पाठवितो. मग जागा भरली म्हणून मूळ चित्रण पुसून टाकतो, किंवा फोनच विकून टाकतो. वर्षभराने खटला उभा राहतो तेव्हा हातात उरते ती केवळ प्रतीची प्रत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे आता प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यावयाचा, दुसरा तज्ज्ञाने द्यावयाचा. त्यात त्या चित्रणाची अंकरूप मुद्रा नोंदवावी लागते. ही मुद्रा म्हणजे जणू चित्रणाच्या अंगठ्याचा ठसा. आत अणुमात्र फेरफार झाला तरी ठसा बदलतो. म्हणून पहिल्याच दिवशी "बाळ, फोन पुसू नको, विकू नको, जपून ठेव" असे सांगणारा वकील जवळ असणे आणि नसणे, ह्यावर न्याय मिळणे न मिळणे अवलंबून राहू शकते.

कायद्याचा धंदा बदलला तो असा. त्याच तारखेपासून 1860 च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेचा कायदाही बदलला. खून म्हणजे कलम 302, हे शाळकरी मुलालाही ठाऊक होते. आज खुनाच्या शिक्षेचे कलम 103 आहे, आणि नव्या संहितेतील 302 हे धार्मिक भावना दुखविणाऱ्या शब्दांविषयीचे आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू, म्हणून वकिलाला दोन्ही याव्या लागतात. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, झडतीचे चित्रण व्हावे, अशी तरतूद झाली आहे. ज्याने केवळ कलमांचे आकडे पाठ केले, त्याचे शिक्षण एका रात्रीत जुने झाले. कायदा कसा वाचावा, पुरावा कसा जोडावा आणि प्रश्न कसा विचारावा हे ज्याने आत्मसात केले, त्याचे काहीच बिघडले नाही.

हा विचार नवा नाही. बाबासाहेब हे कायदेपंडित होते हे आपण सर्व जाणतो. परंतु ते कायद्याचे शिक्षक होते, ह्याची आठवण आपण फारशी करीत नाही. 1923 साली त्यांनी मुंबईस वकिली सुरू केली. 1928 साली ते तेथील सरकारी विधि महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि 1935 च्या जूनमध्ये त्याच संस्थेचे प्राचार्य झाले. 1936 साली त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. केवळ कायद्याचे विषय शिकून वकिलाची शिदोरी पुरी होत नाही, त्याच्या जोडीला इतर विद्यांचा अभ्यास हवा, हे त्यांनी त्यात आग्रहाने मांडले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1956 साली मुंबईस सिद्धार्थ विधि महाविद्यालय काढले. धर्मांतराचे ते वर्ष आपल्या समाजाला स्वतःचे विधि महाविद्यालय मिळाल्याचेही वर्ष आहे.

आता आजची महाविद्यालये काय करतात ते पाहू. भारतीय वकील परिषदेने 2008 साली कायदेशिक्षणाचे नियम केले. त्यांनुसार दावा, कैफियत व दस्त लिहिणे, वकिलीची नीतिमत्ता, न्यायालयाबाहेर तंटा मिटविण्याच्या पद्धती, आणि अभिरूप न्यायालय हे अभ्यासक्रमाचे भाग ठरले. तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान बारा आठवडे व पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान वीस आठवडे प्रत्यक्ष अनुभव घ्यावा, असा दंडक आहे. प्रत्येक महाविद्यालयाने विधि साहाय्य केंद्र चालवावे, असाही नियम आहे. सनद घेतल्यावर अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती परीक्षा वैध ठरविली. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु कित्येक ठिकाणी वीस आठवड्यांचा अनुभव म्हणजे एका वकिलाची सही आणि एक सजविलेली वही, एवढाच उरतो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. स्वतःचाच अनुभव सांगतो. पदवी घेऊन मी काळा कोट चढविला, त्याच वर्षी आपल्यापैकी एक भूमिहीन विधवा माझ्याकडे आली. गायरानातील दोन एकर जमीन तिच्या नवऱ्याने कसली होती आणि अतिक्रमण काढण्याची नोटीस तिच्या हाती पडली होती. मालमत्तेच्या कायद्यात मला उत्तम गुण होते. पण गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, हे मला कोणी शिकविले नव्हते. भूमिहीन मागासवर्गीयांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासनाचा निर्णय 1991 साली झाला होता, म्हणून त्या तारखेपूर्वीची पीकपाहणी हाच तिचा खरा आधार, हेही मला ठाऊक नव्हते. मी मोठमोठे इंग्रजी निवाडे जोडून अर्ज लिहिला आणि मूळ कागदच जोडला नाही. कचेरीतल्या एका वृद्ध कारकुनाने मला बाजूला घेऊन म्हटले, "वकीलसाहेब, आधी तलाठ्याकडून उतारा आणा, मग बोला." जमीन वाचली ती त्या कारकुनामुळे, माझ्या पदवीमुळे नव्हे. तो भेटला नसता तर माझ्या अज्ञानाची किंमत त्या माऊलीला मोजावी लागली असती. ही गोष्ट मी आजवर विसरलो नाही.

म्हणून मी म्हणतो, आमच्या मुलांना अभिरूप न्यायालयाबरोबर खरी कचेरीही पाहू द्या. मराठवाड्याचे जुने महसुली कागद निजामी अमदानीतले. त्यांत उर्दू व मोडी लिपी आढळते. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. 1990 च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलतींचा हक्क मिळाला. पण हक्क कायद्यात असला तरी दाखला कागदावरूनच मिळतो. हे कागद वाचणारा वकील कोणत्या महाविद्यालयात तयार होतो? 1998 पासून आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. असे असता स्वच्छ मराठीत कैफियत लिहिण्याचे शिक्षण किती ठिकाणी मिळते? उच्च न्यायालयासाठी इंग्रजी हवीच, तिची टाळाटाळ करू नका. पण अंबडच्या न्यायालयात पक्षकाराचे दुःख मराठीतच मांडावे लागेल.

दुसरी अडचण पैशाची. सनद घेण्यासाठी निरनिराळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रक्कम आकारली जात होती. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाढीव आकारणी बेकायदेशीर ठरविली. वकील अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराकडून साडेसातशे रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून एकशे पंचवीस रुपये, ह्याहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा तो निर्णय आहे. हे आकडे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावेत. त्याच वर्षी वकील परिषदेने सूचना केली की, उमेदवारी करणाऱ्या कनिष्ठ वकिलास शहरात दरमहा वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे. ती सूचना आहे, सक्ती नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे आपली मुलगी बिनपगारी बसण्याचा संभव आहे, हे आईबापांनी आधीच मनाशी धरावे. बुद्धी कमी पडली म्हणून आमची मुले ह्या धंद्यातून परत फिरत नाहीत; ह्या दोन-तीन वर्षांत घरून धीर सुटतो म्हणून परत फिरतात.

तिसरी गोष्ट नव्या यंत्रांची. आज प्रश्न विचारताच यंत्र निवाड्यांची यादी समोर ठेवते. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशी यादी न तपासता न्यायालयात दिली. त्यातील निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि त्यांना पाच हजार डॉलरांचा दंड झाला. कोणतीही गोष्ट कोणी सांगितली म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण आपण स्वीकारली आहे. ती ग्रंथाला लागू आहे तशी यंत्रालाही लागू आहे.

तर मग आपण करावे काय? पालकांनो, महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. तेथील विधि साहाय्य केंद्र खरोखर चालते काय, विद्यार्थी न्यायालयात जातात काय, मराठीत अर्ज लिहावयास शिकवितात काय, हे तीन प्रश्न विचारा. प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व स्वाधार योजना आहे. त्यांची चौकशी वेळेवर करा. विद्यार्थ्यांनो, सुटीत गावी आलात की तलाठ्याच्या कचेरीत बसा, आपल्याच घरचा सातबारा व फेरफार वाचा, ऊसतोड कामगाराची उचल आणि मजुरीचा हिशेब लिहून काढा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधि सेवा कायद्याने दिला आहे, हे वस्तीतील प्रत्येक घरी सांगा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने पीडिताला खटल्यात आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार दिला आहे, तेही सांगा. हे सांगता येणे हीच तुमची पहिली वकिली होय. आणि विहाराच्या कार्यकर्त्यांनो, हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या महाविद्यालयाचे विधि साहाय्य केंद्र येथे बोलवा. विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल आणि वस्तीचे कागद नीट लागतील.

वकिली हा मानाचा धंदा खरा. पण आपल्यासाठी ती त्याहून अधिक काही आहे. दाराशी आलेल्या म्हाताऱ्या आईला "उद्या या" असे न सांगता तिचा कागद त्याच दिवशी वाचून देणारा एक जरी वकील ह्या वसाहतीतून निर्माण झाला, तरी आजची ही सभा व्यर्थ गेली नाही असे मी समजेन.