टांगता दिवा, टांगते धान
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



‘आपली कला’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आम्हांला आज्ञा झाली आहे. नाटक आणि संगीत यांविषयी अधिकारी वक्ते बोलतीलच. आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो ते आकाशकंदिलाकडे. त्याला कलाकृती म्हणण्याचा आपला प्रघात नाही. परंतु वाटसरूने मान वर करून पाहावी अशी, रस्त्यावर सर्वांसाठी टांगलेली दुसरी कोणती कृती आपल्याजवळ आहे?

बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि घरी शिजविलेली खळ एवढेच त्याचे साहित्य. तथापि या जुन्या कारागिरीने नव्या काळाकडे कधी पाठ फिरविली नाही. विमाने आली तेव्हा कंदील विमानाच्या आकाराचे झाले. अग्निबाणांच्या युगात अग्निबाणांचेही झाले. फिरत्या कंदिलात तर विज्ञानच नांदते. दिव्याने तापलेली हवा वर चढते, कागदी पंख्याला रेटते आणि आतील चित्रांच्या सावल्या बाहेरच्या कागदावर धावू लागतात. आजचे दिवे थंड प्रकाशाचे. त्यांच्याने हा कंदील फिरत नाही, त्यास विजेची मोटर लागते.

जॅनेट एकलमन या अमेरिकन कलावतीचे उदाहरण येथे मननीय आहे. १९९७ साली त्या महाबलिपुरम् येथे आल्या. प्रदर्शनासाठी पाठविलेले रंग वेळेवर पोहोचले नाहीत. तेव्हा किनाऱ्यावरील कोळ्यांची जाळी पाहून त्यांनी कोळ्यांच्याच साहाय्याने जाळ्यांची शिल्पे घडविली. पुढे पोर्तुगालमधील पोर्तो येथे २००५ साली, अमेरिकेतील फिनिक्स येथे २००९ साली आणि डेन्व्हर येथे २०१० साली त्यांची अवाढव्य जाळी नगरांच्या माथ्यावर वाऱ्याबरोबर हेलावली. डेन्व्हरच्या कृतीतील धागा वजनाच्या मानाने पोलादाहून पंधरापट बळकट होता. आकार संगणकाच्या साहाय्याने बेतावा, गाठी काही यंत्राने तर काही हाताने माराव्यात, अशी ही रीत. मूळ विद्या मात्र कोळ्यांची.

आता आपल्या गुढियारीकडे वळू. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य १७४१ साली छत्तीसगडात आले, तेव्हापासून या भूमीशी मराठी माणसाचा संबंध आहे. दिवाळीच्या सुमारास येथे नवे धान हाती येते. त्याच्या लोंब्या काड्यांसह विणून येथील लोक सुबक झालर करतात. काही ठिकाणी तिला ‘फाता’ म्हणतात. ती दारावर टांगायची आणि पाखरांनी दाणे टिपायचे. आपण दारी प्रकाश टांगतो, शेजारी दारी अन्न टांगतो. इतक्या पिढ्या एका गल्लीत राहूनही या दोन वस्तू एका दारात क्वचितच दिसाव्यात, याची आम्हांस खंत वाटते.

दुसरी चिंता भाषेची आहे. बाजारातून तयार कंदील आणला की उजेड मिळतो. पण कामटी, खळ, करंज्या, झिरमिळ्या हे शब्द घरात उच्चारण्याचे कारणच उरत नाही. आपली मुले शाळेत हिंदीतून शिकतात, रस्त्यावर हिंदी वा छत्तीसगढी बोलतात. त्यांना मराठी शब्दांच्या याद्या पाठ करावयास सांगून ते शब्द टिकावयाचे नाहीत. हाताला खळ लागली, कामटी बोटाला टोचली, म्हणजे शब्द आपोआप जिभेवर येतो.

म्हणून मंडळापुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवतो. या वर्षी मंडळाने एक मोठा सामायिक कंदील करावा. आकार आपल्या तरुण अभियंत्यांनी संगणकावर बेतावा. सांगाडा येथील बांबूकारागिरांकडून बांधून घ्यावा. त्यांना योग्य मोबदला द्यावा आणि त्यांची नावे फलकावर ठळक लिहावीत. कागद मुलांनी चिकटवावा, आणि हे काम चालले असता वडीलधाऱ्यांनी मराठीतच बोलावे. झिरमिळ्यांच्या जागी धानाची झालर असावी. ती विणावयास शेजारच्या भगिनींना अगत्याने बोलवावे. दाणे पाखरांनी नेले तर ते आपल्या उत्सवाचे पाहुणेच समजावेत.

खर्च फार नाही. चार संध्याकाळ आणि वीस-पंचवीस हात लागतील. आमचे दोन हात आम्ही आजच नोंदवितो.