दोन देश, दोन संसार



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृती-व्याख्यानासाठी घरखर्चाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या भाषेत ‘संसार’ या एकाच शब्दात जगही सामावते आणि घरही. बालाघाटची मुले अमेरिकेत स्थायिक होऊ लागल्यापासून या दोन अर्थांची गाठ आपल्याच ओसरीवर पडते आहे. मुलाचे घरभाडे आईवडील रुपयांत मोजतात आणि त्याला उधळ्या ठरवतात. मुलाला आईवडिलांची काटकसर चिकटपणा वाटते. हिशेब दोघांचाही अपुरा आहे.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासून एक नियम मांडला : उत्पन्न जितके कमी, तितका एकूण खर्चात अन्नाचा वाटा मोठा. म्हणून रक्कम नव्हे, वाटा पाहावा. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के, तर शहरी कुटुंबाच्या खर्चात सुमारे ४० टक्के होता. अमेरिकेत २०२३ मध्ये तो सुमारे १३ टक्के होता. याउलट तेथे निवासावर सुमारे ३३ टक्के आणि प्रवास-वाहनावर १७ टक्के खर्च झाला. निवासाच्या सदरात भाडे, कर्जावरील व्याज, मालमत्ता कर, वीज, फर्निचर हे सारे येते. आपल्या खेड्यांत मात्र घरभाड्याचा वाटा एक टक्काही भरत नाही, कारण बहुतेकांचे घर स्वतःचे असते.

तात्पर्य, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण दोन्हीकडे खरी आहे. अंथरुणे तेवढी निराळी आहेत. तेथील भाडे ही चैन नव्हे आणि येथील काटकसर हा स्वभावदोष नव्हे. जेथे निम्मा खर्च ताटापाशी होतो, तेथे भाववाढीचा पहिला घाव ताटावरच बसतो.

तथापि, या आकडेवारीलाही एक मर्यादा आहे. आपल्याकडील पाहणीत घरच्या शेतातील चिन्नोर तांदळाची किंमत धरली जाते. पण तो निवडणाऱ्या, रांधणाऱ्या हातांची धरली जात नाही. अमेरिकन कुटुंबाच्या अन्नखर्चापैकी जवळजवळ दोन-पंचमांश रक्कम बाहेरच्या खाण्यावर जाते. म्हणजे तेथे स्वयंपाकाच्या श्रमांचे बिल येते. येथे ते श्रम गृहिणी बिनबोभाट उपसते आणि ‘घरखर्च कमी’ म्हणून आपण समाधान मानतो.

माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : घरी पैसे पाठवताना रुपया-डॉलरचा दर अवश्य पाहा, परंतु ज्या श्रमांना कोणत्याच वहीत रकाना नाही, त्यांचीही नोंद मनात ठेवा. त्या जमेवरच आपले शिक्षण झाले आहे.