महानगरातील गुन्हे आणि पोलीस



न्यूयॉर्क शहरात १९९० साली सुमारे २,२५० खून झाले. २०१७ साली तोच आकडा ३०० च्याही खाली आला. चोरीची नोंद करावी की न करावी, हे फौजदाराच्या मर्जीवर राहू शकते. प्रेत तसे दडपता येत नाही. म्हणून मी खुनाचाच आकडा घेतला. तर मग ही किमया केली कोणी?

पोलीस म्हणतात, आम्ही! त्यात तथ्य आहे. १९९४ साली आयुक्त ब्रॅटन यांनी एक साधीच गोष्ट सुरू केली. कोणता गुन्हा कोणत्या गल्लीत झाला, हे नकाशावर मांडायचे आणि त्या त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष उभे करून जाब विचारायचा. परंतु त्याच दशकात सॅन डिएगोतही गुन्हे झपाट्याने उतरले. आणि तेथील पोलिसांचा भर होता तो धरपकडीपेक्षा वस्तीतील लोकांना हाताशी धरण्यावर. कोकेनच्या ‘क्रॅक’ नावाच्या स्वस्त प्रकारावरून चाललेल्या टोळीयुद्धांना लागलेली ओहोटी तर दोन्हीकडे होती.

पुढे न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यात माणसे थांबवून झडत्या घेण्याचा सपाटा लावला. २०११ या एका वर्षात पावणेसात लाखांहून अधिक वेळा माणसे थांबविली! त्यांत बहुतेक काळ्या आणि लॅटिन वंशाचे तरुण. दर दहांतल्या जवळजवळ नऊ वेळा ना अटक, ना समन्स. २०१३ साली संघराज्याच्या न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. आता शहर बुडणार, असे भाकीत झाले. २०१५ पर्यंत झडत्या २५ हजारांच्या खाली आल्या, आणि खून काही वाढत गेले नाहीत.

मग त्या लाखो झडत्यांनी मिळविले काय? मला वाटते, मिळविण्यापेक्षा गमावलेच अधिक. अमेरिकेत अलीकडे निम्म्याच्या आसपास खुनांचाच छडा लागत आला आहे. छडा लागतो तो साक्षीदारामुळे. काल ज्याला भिंतीशी उभे करून खिसे उलटे केले, तो पोरगा आज शेजारच्या खुनाविषयी तोंड उघडील कशाला?

२०२० साली, साथीच्या वर्षात, साऱ्या देशातच खून एकदम तीस टक्क्यांच्या घरात वाढले. जेथे पोलीस कडक होते तेथेही, आणि जेथे सौम्य होते तेथेही. नंतरच्या वर्षांत ते पुन्हा उतरले. त्या उतारावरही महापौरांनी आपापले हक्क सांगितलेच!