राचोलचें विद्यालय



देवळाशेजारीं शाळा, हें आपल्याकडील जुनें वळण. म्हणून या ज्युबिलीप्रसंगीं आम्हीं एका वडीलधाऱ्या विद्यालयाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. तें म्हणजे गोव्यांतील साष्टी प्रांताचें राचोल.

येशूसंघीयांनीं 1574 सालीं मडगांवास काढलेलें विद्यालय पुढें जुवारी नदीकांठच्या राचोल किल्ल्यांत आलें. 1606 सालीं आजच्या इमारतीचा पाया घातला गेला व 1610 सालीं ती पुरी झाली. येथील छापखान्यांतून 1616 सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडलें. जन्मानें इंग्रज असलेल्या या धर्मगुरूनें मराठींत सुमारें अकरा हजार ओव्या रचिल्या! देवनागरी खिळे नव्हते, म्हणून त्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. कोंकणीचें त्यांचें व्याकरणही त्यांच्या निधनानंतर, 1640 सालीं, येथेंच छापलें गेलें.

परंतु काळ पालटला. 1684 सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढिलें कीं, रहिवाशांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. राचोलच्या भिंती तेव्हां धडधाकट उभ्या होत्या. त्यांनीं भाषेचें रक्षण केलें नाहीं. पुराण तगलें तें भाविकांनीं हातांनीं नकलून ठेविलेल्या पोथ्यांत, आणि त्यांवरूनच 1907 सालीं जोसेफ सालढाणा यांनीं तें मंगळूर येथें पुन्हां छापिलें.

1759 सालीं येशूसंघीयांची हकालपट्टी झाली, तरी इमारत ओस पडली नाहीं. 1762 सालीं तेथें धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली. 1961 सालीं पोर्तुगीज राज्य गेलें. सेमिनरी मात्र आजही चालू आहे.

यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, इमारत राहिली म्हणजे विद्या राहिली, असें समजूं नये. आज आपल्याकडे मराठी वर्ग रोडावत चालले आहेत, आणि त्यासाठीं कोणाही व्हाइसरॉयचें फर्मान निघालेलें नाहीं. तें आपण आपल्या हातांनीं करीत आहों. शाळेच्या छपरासाठीं वर्गणी मागितली तर ती आनंदानें द्यावी. मात्र त्या छपराखालीं आपलीं मुलें आजीच्या भाषेंत वाचूं-लिहूं शिकतात कीं नाहीं, याचीही चौकशी प्रत्येक घरानें करावी. पोथ्या नकलणाऱ्या त्या अनामिक हातांचें ऋण फेडण्याचा आम्हांस दुसरा मार्ग दिसत नाहीं.